लीक झालेल्या डेमोत माझी मावशी

फाईल आली तेव्हा मी टेलरच्या दुकानाबाहेर स्कूटीवर बसले होते आणि आई आत ब्लाउजच्या बाह्यांवरून टेलरशी भांडत होती. माझ्या मावसबहिणीचं, म्हणजे ताईचं, लग्न तोंडावर आलं होतं. पनवेलच्या बाजारात लग्नसराईत गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे लॉटरीच, त्यामुळे मला हलता येत नव्हतं. म्हणूनच ती फाईल ग्रुपवर पडल्या पडल्या मी ऐकली. नाहीतर मी रात्री ऐकली असती, एकटीने, आणि सगळंच वेगळं झालं असतं.

ग्रुप म्हणजे आमचा फॅन ग्रुप. बँडचं नाव सांगत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. आमच्याच पट्ट्यातली चार मुलं, मराठीत रॉक करायची. कॉलेजांच्या फेस्टला वाजवायची, नेटवर त्यांची मोजकी गाणी आहेत, आणि मग एक दिवस सगळं बंद. ना भांडण, ना पोस्ट, ना काही. तेव्हा मी शाळेत होते. म्हणजे मी फॅन झाले तीच बँड संपल्यावर. ग्रुपचा ॲडमिन पुण्याचा आहे, शांत माणूस, तो मला 'शिळी फॅन' म्हणतो. म्हणू दे. चौघांच्या प्रत्येक गाण्यातला प्रत्येक खोकला मला पाठ आहे.

तर फाईल. कुणीतरी नवीनच नंबर ग्रुपमध्ये आला, 'रफ' नावाची एक ऑडिओ टाकली आणि लगेच ग्रुप सोडून गेला. मी इअरफोन घातले. आधी नुसती घरघर. मग एक सूर, गिटारसारखा पण गिटार नाही, पत्र्यावर तार ताणल्यासारखा. तोच तुकडा पुन्हा पुन्हा. आणि मला काटाच आला, कारण तो तुकडा त्यांच्या पहिल्या गाण्याचा आहे! तोच! फक्त कच्चा, उघडा. खाली ढोलासारखं काहीतरी. आणि मग एक बाई गायला लागते. शब्द नीट कळत नाहीत, त्या तारेच्या आवाजात बुडतात. ती गात जाते, गात जाते, आणि ओळीच्या मध्येच खट्. संपलं.

पहिल्यांदा ऐकताना मला ती कोण हे कळलं नाही, हे खरं आहे. मी त्या तुकड्यात इतकी घुसले होते.

तोवर ग्रुप पेटला होता.

'हा पहिल्या अल्बमच्या आधीचा डेमो आहे. शंभर टक्के.'

'तो पेडल कुठला आहे? मी असला टोन आयुष्यात ऐकला नाही.'

'पेडल नाही, सिंथ आहे.'

'अरे बाई कोण आहे पण?'

आणि मग आमचा कल्याणवाला आला. हा मुलगा कल्याणला राहतो आणि जगातली प्रत्येक गोष्ट एआयने केलीय असं त्याचं म्हणणं असतं. एकदा त्याने माझ्या वाढदिवसाच्या केकच्या फोटोलासुद्धा एआय म्हटलं होतं. 'सॉरी लोकहो,' त्याने लिहिलं, 'फेक आहे. बाईचा आवाज ऐका. ती तालात नाहीये. म्हणजे बेताल पण नाहीये. ती कुठल्याच मोजमापात नाहीये. माणूस असं गात नाही. मशीनला लोकगीत गा म्हटलं की असं येतं.'

'तुझ्या घरात कुणी गात नाही वाटतं,' ॲडमिन.

'आमच्या घरात मिक्सर गातो.'

मी हसले आणि ते बाईचं नीट ऐकायला पुन्हा लावलं. या वेळी तार सोडून दिली आणि फक्त तिच्यामागे गेले. आणि ओळ सुरू करायच्या आधी ती एक बारीकसा हुंकार देते, जणू दारावर टिचकी मारून मगच आत येतेय, आणि त्या हुंकाराबरोबर बांगड्यांचा आवाज होतो, कारण ती हात कानाशी नेते...

मी स्कूटीवरून उतरले. आई पिशवी घेऊन बाहेरच येत होती, तोंडाने चालूच, 'पुढच्या वेळी याच्याकडे यायचं नाही, बाही बघ कशी...' मी तिच्या कानात एक इअरफोन घातला.

आई उभी राहिली. मग टेलरच्या पायरीवर बसली, गिऱ्हाइकांच्या चपलांच्या शेजारी, ब्लाउजची पिशवी मांडीवर घेऊन.

'आक्का,' ती म्हणाली.

आक्का म्हणजे आईची मोठी बहीण. माझी मावशी.

आता मावशीबद्दल सांगायला हवं. मावशी ओव्याची. म्हणजे आई आणि ती माहेरच्या चिरनेरच्या, पण मावशीला दिली ओवे गावात. आता तिच्या घराच्या गच्चीवरून खारघरचे टॉवर दिसतात, इतके जवळ की कुणाच्या बाल्कनीत काय वाळत घातलंय तेही कळतं. मावशी धवलारीन होती. आमच्या आगरी लग्नांत भटजी असतो, पण त्याच्याही आधी धवलारीन असते. हळद लागताना, पाणी आणताना, मांडव चढताना, प्रत्येक वेळी तिने धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, गायचा. ती ओळ धरते, मागच्या बायका तीच ओळ म्हणून झेलतात, आणि तिने गायल्याशिवाय हळदीचं बोट पुढे सरकत नाही. मावशीने किती लग्नं लावली ते तिलाच माहीत नाही. अख्ख्या पट्ट्यातली बाळं तिला म्हातारी आई म्हणतात, कारण त्यांच्या आईबापाचं लग्न हिने गायलेलं.

आणि मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ होती. बरी झाली ती, देवाची कृपा, पण आवाज गेला. म्हणजे बोलते, पण नुसती हवा. फुंकर घातल्यासारखं. शेजारी बसलं तरच कळतं. तेव्हापासून मावशी कुणाच्या लग्नाला गेली नाही. पत्रिका आली की पाकीट पाठवते आणि घरात बसते.

आता लग्न तिच्याच मुलीचं होतं. ताईचं. आणि मावशीने सांगून टाकलं होतं, 'मी चुलीकरं बसन. मांडवात नाय येनार.' धवल्यासाठी दुसरी धवलारीन बोलवू या म्हटलं तर ताई नको म्हणाली. शेवटी ठरलं की दुसऱ्या कुणाचा तरी रेकॉर्ड केलेला धवला मोबाईलवरून स्पीकरला लावायचा. हल्ली लावतात खूप जण. ताई वरून म्हणायची, चालेल गं. एकदा भांडी घासताना मला हळूच म्हणाली, 'दुनियेच्या पोरींना आईने हळद लावली. माझ्या वेळेला गेली.' आणि पुन्हा भांडी घासायला लागली.

तुम्ही म्हणाल, मावशीचं रेकॉर्डिंग कसं नाही? नाही ना! मावशी मोबाईल पुढे धरू द्यायची नाही. मोबाईल दिसला की गाणं थांबवून बघत राहायची, त्या माणसाला लाज वाटेपर्यंत. आणि लग्नाचे व्हिडिओ? ते तर अजून वाईट. शूटिंगवाले घरी जाऊन आवाज पूर्ण काढून टाकतात आणि वर पिक्चरचं गाणं चढवतात. आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या व्हिडिओत मावशी आहे. हात कानाशी, डोळे मिटलेले, तोंड हलतंय, आणि तिच्या तोंडातून कुठल्यातरी हिरोचं लव्ह साँग येतंय. लहानपणी आम्ही सगळी भावंडं हसून लोळायचो. मावशीपण हसायची.

म्हणून आई त्या पायरीवर बसली.

मी तिथेच, रस्त्यात उभी राहून, टाईप केलं. 'ही माझी मावशी आहे!!!!!'

'हो, आणि ड्रमवर माझे पणजोबा,' कल्याणवाला.

'खरंच. ती धवलारीन आहे. ओव्याची. प्लीज, ज्याच्याकडे पूर्ण फाईल असेल त्याने द्या. कुणी लीक केलं, का केलं, मला काही घेणं नाही. मला फक्त पुढचं पाहिजे. माझ्या बहिणीचं लग्न आहे.'

मग कल्याणवाला, 'इमोशनल झालो. प्रूफ?'

असा राग आला! पण मग ॲडमिनने एक डोक्याची गोष्ट विचारली. 'तुझ्याकडे मावशी गातानाचा एखादा व्हिडिओ आहे का? आवाज नसला तरी चालेल. ओठ असतील ना.'

आईला विचारलं. आई म्हणाली, 'आपल्या घरचेच दे, दुसऱ्यांचे नको. आणि ग्रुपच्या बाहेर नाही जायचे.' घरच्या कपाटात लग्नांचे पेनड्राईव्ह आणि सीड्या एका बिस्किटाच्या डब्यात असतात. मी दोन्ही मामांची, काकांची, एका आत्याची, अशी सगळी लग्नं काढली, फक्त मावशीचे तुकडे कापले आणि टाकले. आणि मग पुढचे काही दिवस जे झालं ते मी कधी विसरणार नाही. नाशिकपासून कोल्हापूरपर्यंतची काळे टी-शर्ट घालणारी पोरं, ज्यांनी आयुष्यात आगरी हळद पाहिली नव्हती, ती बसून माझ्या मावशीचे ओठ बघत होती. आवाज बंद करायचा, लीकची फाईल लावायची, जुळतंय का बघायचं. नाही जुळलं, पुढचा तुकडा.

'आत्याच्या लग्नात जुळत नाही. तिथे ती ओळ लांब धरते.'

'मावशींची हिरवी साडी प्रत्येक लग्नात आहे. लकी साडी का?'

'अरे, ती कानाला हात लावते तेव्हाच श्वास घेते. फाईलमध्ये पण तिथेच बांगडी वाजते.' हे कोण? कल्याणवाला! एआय म्हणणारा! तो म्हणे ऑफिसातून लवकर निघून हेच करत होता. मी त्याला टोमणा मारणार होते, पण मारला नाही.

आणि त्यानेच शोधलं. धाकट्या मामाची हळद, चिरनेरला, आमच्या आजोळच्या अंगणात. त्याने फाईल व्हिडिओवर चढवून पाठवली आणि वर फक्त लिहिलं, 'हेडफोन लावून बघा.'

मी बघितलं. मावशी, कितीतरी वर्षांनी तरुण, हिरव्या साडीत. हात कानाशी गेला, हुंकार आला, बांगडी वाजली, ओठ उघडले आणि त्यातून तिचाच आवाज आला. हिरोचा नाही. तिचा.

मी व्हिडिओ थांबवून घरभर फिरून आले. मग पुन्हा लावला.

'आता मागे बघा,' कल्याणवाल्याने लिहिलं. 'बेंजोवर कोण आहे?'

मावशीच्या मागे बेंजो पार्टी उभी होती. बेंजो म्हणजे ते तारा आणि टाईपरायटरसारखी बटणं असलेलं वाद्य, आमच्याकडे हळदीला त्याच्याशिवाय चालत नाही, स्पीकरला जोडून असा वाजवतात की गावाच्या वेशीवर कळतं हळद कुणाकडे आहे. आणि तो वाजवणारा मुलगा, मिसरूड फुटलेला, केस मानेवर, मान खाली घालून मावशीच्या ओठांकडे बघत बघत बोटं चालवणारा, तो आमच्या बँडचा गिटारिस्ट होता!!

ग्रुपवर अर्धा तास कुणालाच नीट वाक्य लिहिता आलं नाही. तो गूढ पेडल, ज्याच्यावर सगळे भांडत होते, तो आमचा हळदीचा बेंजो होता. डेमो नव्हताच तो. बँड तयार व्हायच्याही आधीची गोष्ट. आणि बाई तालात नाही असं वाटत होतं, कारण ताल तिचा होता. ती पुढे चालली होती आणि पोरं मागून धावत होती.

अजून एक. त्या फ्रेममध्ये, स्पीकरच्या बाजूला, पिवळा फ्रॉक घातलेली एक छोटी मुलगी दोन्ही कानांत बोटं घालून उभी आहे. ती मी आहे. ज्या बँडची मी शिळी फॅन, त्याच्या पहिल्या गाण्याच्या जन्माला मी हजर होते आणि कानात बोटं घालून उभी होते. ॲडमिनने त्या दिवशी ग्रुपमध्ये जाहीर केलं की मी यापुढे शिळी नाही.

व्हिडिओ पुढे जातो आणि एकदम काळा होतो. वर चढवलेलं पिक्चरचं गाणं मात्र त्या काळोखात मजेत चालू राहतं. फाईल जिथे खट् होते तीच ती जागा.

गिटारिस्टला ॲडमिनने शोधलं. तो आता द्रोणागिरीला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, कंटेनर उतरवून घेतो. एका रविवारी सकाळी तो पनवेलला आमच्या घरी आला, हेल्मेट हातात धरून दारातच उभा. मी इतकी गडबडले की त्याला सर म्हटलं. तो म्हणाला, 'सर नको गं, गोडाऊनमध्ये दिवसभर तेच ऐकतो.' आणि आईला, 'वहिनी, मला ओळखलं नसेल. तुमच्या भावाच्या हळदीला मी वाजवलंय.'

चहा झाला. त्याने सांगितलं, त्या दिवशी मिक्सरला पेनड्राईव्ह लावलेला होता. सीझनभर लावायचा तो, आपलं वाजवलेलं घरी ऐकायला. 'मावशींचा धवला आवाजात असा काही चढला होता ना वहिनी, की मी नेहमीची गाणी सोडून तिच्या मागेच वाजवायला लागलो. ते बोटांत आलं ते तिथे आलं. नंतर चौघं जमलो तेव्हा मी हेच ऐकवलं, म्हटलं यातून पहिलं गाणं करू. चौघांकडे होती फाईल. कुणी टाकली माहीत नाही. मी विचारत पण नाही. खरं तर बरं वाटलं.'

'मग बँडच्या मुलाखतीत कधी का नाही सांगितलंत?' मी.

तो हेल्मेटच्या काचेवरून बोट फिरवत राहिला. 'तेव्हा वाटायचं, रॉकवाला हळदीला बेंजो वाजवतो म्हटल्यावर लोक हसतील.'

'आणि पुढचं?' आईने विचारलं. मला ते विचारायचं धाडस होत नव्हतं. 'आक्काचं पुढचं आहे ना तुझ्याकडे?'

'नाही वहिनी. लाईट गेली ना. मिक्सर बंद, सगळंच बंद. आहे ते एवढंच.'

आईने कप उचलले आणि आत गेली. मी सांगते, इतके दिवस आम्ही घरात त्या फाईलच्या उरलेल्या भागाबद्दल असं बोलत होतो की जणू तो कुणाच्यातरी कपाटात आहे आणि फक्त किल्ली मिळायचीय. हळद पूर्ण लागेल एवढा आवाज नव्हताच. अर्धा धवला होता. अर्ध्या धवल्यावर ताईला हळद कशी लावणार?

तरी मावशीला ऐकवायचं ठरलं. ओव्याला गेलो. मावशी ओट्यावर सुक्या कोलंबीचे सोडे निवडत बसली होती. ताईला आधीच सगळं सांगितलेलं, ती दाराशी उभी राहून नखं खात होती.

'काय गो, आज कशी आयलीस? कालेज नाय?' मावशीची फुंकर.

मी काही समजावत बसले नाही. मोबाईल तिच्या पुढ्यात ठेवला आणि लावलं.

सोडे निवडणारी बोटं थांबली. मावशीचं तोंड मला दिसत नव्हतं, ती मोबाईलवर वाकली होती. हुंकार आला तेव्हा तिचा हात आपोआप कानाकडे निघाला, आणि अर्ध्यात खाली आला. मला वाटलं आता ती रडणार. आईला तर वाटलंच, तिने पदर हातात तयार धरला होता.

खट्. संपलं.

मावशी सरळ झाली. 'बेंजो जाम जोरान हाय,' ती म्हणाली. 'तेवाच सांगितलेला त्या पोराला, आवाज कमी कर.' मग, 'म्होरचा लाव.'

'म्होरचा नाय, मावशे. आमच्या ग्रुपमधल्या पुण्या-नाशिकच्या पोरांकडे पण एवढाच आहे.'

'एवराच?' तिचे डोळे मोठे झाले. 'आनि ही तुजी शहरातली पोरा एवराच ऐकतान?'

'हो. सगळ्या ग्रुपने ऐकलंय.'

'म्हंजे त्यान्ला काय वाटतं, मी आर्दा सोरला?'

मी म्हटलं, अगं तसं कुणी नाही म्हणत, लाईट गेली म्हणून... पण ती ऐकेना. अर्धा सोडला! तिने! धवला अर्धा सोडायचा म्हणजे नवऱ्यामुलाला हळद लावता लावता पाटावर सोडून निघून जायचं. असं तिने जन्मात केलेलं नाही. लाईट गेली ती बेंजोची गेली, मावशीला काय लाईट लागते? तिने काळोखात पुरा केला, बायकांनी काळोखात झेलला, कुणीतरी दिवा आणेपर्यंत मामाची हळद लागून झाली होती.

'लिव,' ती म्हणाली.

'काय?'

'त्यान्ला लिव. मोबाईलवर. पुरा केला म्हून.'

मी ओट्यावर बसले आणि लिहिलं. मावशी सांगत होती आणि मी टाईप करत होते: 'मावशी सांगते, तिने धवला पुरा केला होता. काळोखात. कुणी अर्धा म्हणू नये.' माझं टाईप करून होतं न होतं तोच उत्तरं यायला लागली. सगळ्यात पहिलं कल्याणवाल्याचं. 'मावशींना सांग, चुकलो. आणि विचार, पुढे काय होतं?'

मी मोठ्याने वाचून दाखवलं. मावशीने एक सोडा निवडला, बाजूला टाकला. मग माझ्या कानाशी तोंड आणलं आणि त्या फुंकरीच्या आवाजात, सूर नाही, नुसते शब्द, जिथे लाईट गेली होती तिथून पुढची ओळ सांगितली. मग पुढची. त्यात आधी देवांना बोलावतात, मग डोंगराला, मग खाडीच्या पाण्याला, मग घरातल्या एकेका बाईला, नात्याने. मी मोबाईलवर उतरवून घ्यायला लागले तर मोबाईल काढून बाजूला ठेवला. 'त्यात नको. टोंडात ठेव.'

तेव्हापासून लग्नापर्यंत मी रोज कॉलेजनंतर ओव्याला. आईही यायची. आणि मावशीच्या मागे झेलणाऱ्या दोघी जुन्या बायका, त्या शेजारीच राहतात, त्यांना कळलं तर त्याही येऊन बसल्या. त्यांना मागचं सगळं येत होतं, पण पुढे होऊन धरायला त्यांना नको होतं. 'आमी झेलनारी. धरील ती पोर,' असं माझ्याकडे बोट दाखवून. मला! जिने अंगणात कानात बोटं घातली होती! मी बेसूर नाही, पण मी घाई करते. मी सगळ्यातच घाई करते. मावशी माझ्या मनगटावर बोटाने ठोका देत बसायची. मी पळाले की बोट दाबायची.

ताई यातल्या एकाही दिवशी खोलीत आली नाही. बाहेर कामं काढत बसायची. पण आम्ही थांबलो की तिचंही भांडं थांबायचं.

हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात सगळ्यात आधी पोचले ते काळे टी-शर्ट. ॲडमिन पुण्याहून, कल्याणवाला कल्याणहून, आणि अजून चार-पाच जण. कल्याणवाला प्रत्यक्षात इतका लाजाळू निघाला की मान वर करेना. ताईच्या काकीने त्यांना बघून आईला विचारलं, 'यी कोनाची पोरा? मयताला आयलीन का?' आणि तिनेच मग मूठभर हळद घेऊन पहिला टी-शर्ट पिवळा केला. गिटारिस्ट बेंजो घेऊन आला होता. पुसून ठेवलेला, जुना, तोच. मावशीच्या पाया पडला तर मावशी त्याला म्हणाली, 'आवाज कमी.'

मावशी मात्र चुलीपाशीच. कुणी बोलवायला गेलं नाही. बोलावलं असतं तर आलीच नसती.

ताई पाटावर बसली. बायका जमल्या. गिटारिस्टने मिक्सरला फाईल लावली, आणि त्या मोठ्या स्पीकरमधून आधी घरघर आली, मग तार, आणि मग माझ्या मावशीचा हुंकार, सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढा. मांडवातल्या बायका बोलता बोलता गप्प झाल्या. ताईने मान खाली घातली. पहिलं बोट लागलं. दुसरं लागलं. मी फाईल इतक्या वेळा ऐकलीय की मला माहीत होतं ती आता संपणार.

खट्.

त्याने मिक्सर बंद केला. मांडवाचं वरचं कापड फडफडत होतं. मी तोंड उघडलं. पहिला शब्द बाहेर आला, दुसरा आला, आणि मी पळायला लागले. मला कळत होतं मी पळतेय आणि थांबता येत नव्हतं. मागच्या दोघी माझ्यामागे धापा टाकत झेलत होत्या.

माझ्या मनगटावर बोट आलं.

ओलं होतं, कालवणाचा वास येणारं. ती कधी उठली, कधी मांडवात आली, मी बघितलंच नाही. ती माझ्या शेजारी बसली होती, माझ्या कानाशी तोंड, आणि मी जी ओळ म्हणत होते तीच ती फुंकरीने म्हणत होती. बाहेर कुणाला ऐकू येत नसेल. मला येत होती. तिचं बोट दाबलं गेलं. मी हळू झाले. अजून दाबलं. अजून हळू झाले. मग ते बोट सैल पडलं आणि नुसता ठोका देत राहिलं.

डोंगराला बोलावलं, खाडीला बोलावलं. घरातल्या बाया आल्या. काकी, आत्या, माझी आई. त्यात सगळ्यात शेवटी नवरीच्या आईला बोलावतात, पोरीला हळद लावायला ये म्हणून. तिथे आल्यावर मी थांबले, कारण मावशीने मला शिकवताना तिथे थांबायला सांगितलं होतं. ती उठेपर्यंत थांबायचं, मगच पुढची ओळ.

मावशीने माझं मनगट सोडलं, हळदीची वाटी उचलली आणि ताईच्या समोर जाऊन बसली. ताई वर बघेना.

'बग गो हिकरं,' मावशी म्हणाली.

ताईने बघितलं. मी पुढची ओळ धरली, हळू.